जावळाचा धर्मबाप

सुरी केकमध्ये अर्धी रुतली आणि फिदेलिया कोंदोरीचा हात तिथेच थांबला. समोरच्या भिंतीवरच्या पडद्यावर साठेक रेघा नेहमीसारख्या थरथरत होत्या. त्यांतली वरून तिसरी एकाएकी सपाट झाली होती. खोलीत कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. चार देशांतल्या बारा संस्थांची माणसं हातात कागदी बशा धरून केककडे पाहत होती. केकवर निळ्या साखरेने भूकंपाची लहर काढली होती आणि तीही उलटी काढली होती, मोठी लाट आधी आणि बारीक नंतर.

“म्हणूनच,” डॉ. गास्पार लार्राइन भाषणाच्या शेवटाला आला होता, “डॉ. कोंदोरींना मी या जाळ्याची आई म्हणतो. आई कधी निवृत्त होत नाही. ती फक्त विश्रांती घेते.”

टाळ्या वाजल्या. फिदेलियाने दात आवळून मान तुकवली. दक्षिण किनारा भूकंप संघाची ती चौदा वर्षं प्रमुख होती. त्या काळात तिला कुणी हट्टी म्हणालं, कुणी कजाग म्हणालं, लिमाच्या एका बैठकीत कुणीतरी ‘ती डोंगरातली बाई’ असंही म्हणालं होतं. आई कुणी म्हटलं नव्हतं. बाईच्या हातात काम असतं तोवर तिला कुणी आई म्हणत नाही; काम काढून घेतलं की लगेच म्हणतात. आणि काम काढूनच घेतलं होतं. तिची मुदत संपलेली नसताना मंडळाने ठराव केला होता, की संघाला नव्या दमाचं नेतृत्व हवं. नव्या दमाचा लार्राइन सान्तियागोहून परदेशी अनुदान घेऊन हजरच होता. आयत्या बिळावर नागोबा.

“काल्लाविरी गेलं,” ती म्हणाली.

“काय गेलं?”

“काल्लाविरीचं केंद्र. रेघ बघा.”

लार्राइनने मान वळवून पाहिलं. “हां. आज वर कुलपं बदलतायत. सुरक्षा कंपनीची माणसं गेली आहेत, थोडा खंड पडणारच. कापा ना केक, दोक्तोरा. लोक ताटकळलेत.”

तिने केक कापला. बशा रिकाम्या होईपर्यंत पठारावरच्या सगळ्या केंद्रांच्या रेघा एकामागून एक सपाट झाल्या होत्या. किनाऱ्यावरच्या तेवढ्या थरथरत राहिल्या.

थोड्या वेळाने लार्राइनने तिला व्हरांड्यात गाठलं. फोन लावून लावून त्याचा कान लाल झाला होता.

“गावकऱ्यांनी माझ्या माणसांना हाकलून दिलं,” तो म्हणाला. “एका गावाने नाही, सगळ्या गावांनी. आणि केंद्रं बंद केली. एकाच सकाळी. हा मी योगायोग समजायचा का?”

“मला काय विचारता? मी गावात नव्हते. मी तुमचं भाषण ऐकत होते.”

“ती तुमची माणसं आहेत, दोक्तोरा. तुम्ही म्हणाल तेव्हा उठतात, तुम्ही म्हणाल तेव्हा बसतात. मी आरोप करत नाही. पण मंडळ चौकशी लावणार. निरोपाच्या आठवड्यात हे व्हावं, मला खरंच वाईट वाटतं.”

फिदेलियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाईट वाटतं म्हणे! चार मोठ्या माणसांसमोर आई म्हणायचं आणि दार ओलांडलं की चोर ठरवायचं.

“म्हणजे जे जाळं विणण्यात माझं आयुष्य गेलं, ते मीच कापलं, असं?”

“रागात माणूस काहीही करतो.”

“माझा राग तुम्ही अजून पाहिलेला नाही, लार्राइन. पाहिला असता तर इतक्या जवळ उभे राहिला नसतात.”

तो नकळत एक पाऊल मागे सरकला. ती जिना उतरून खाली आली तर जीपमध्ये विदाल आधीच बसलेला होता. मांडीवर कागदी रुमालात केकचे दोन तुकडे.

“तू वर निघणार हे मला ठाऊक होतं,” तो म्हणाला. “केक भिकार आहे. पण रस्ता लांब आहे.”

विदाल पाकाहे सीमेपलीकडचा, पेरूतल्या ताक्नाचा. ती अलीकडची, चिलीतल्या आरिकाची. दोघं तरुण असताना दोन्हीकडच्या कर्नलांना त्यांच्या भूकंप मोजायच्या डब्यांचा संशय यायचा. ते डबे हेरगिरीचे आहेत, यावर मात्र दोन्ही सैन्यांचं एकमत होतं. तिच्या प्राध्यापकांनी तर तेव्हा साफ सांगितलं होतं, की मुली, तुझं गणित बरं आहे, नकाशे छान रंगवशील. ती नकाशे रंगवत बसली नाही. विदालला घेऊन एका मोडक्या ट्रकमधून पठारभर फिरली आणि ज्या डोंगराला दोन देशांनी मधोमध कापलं होतं, त्याचं दुखणं दोन्हीकडून एकत्र ऐकायला तिने सुरुवात केली. संघ उभा राहिला तो असा. बारा संस्था, मंडळ, ठराव वगैरे सगळं नंतर आलं. पिस्को ही दारू मूळची कुणाची, यावर मात्र त्या दोघांचं अजून जमलेलं नव्हतं.

ल्युताच्या खोऱ्यात रस्ता चढू लागला तेव्हा तिचा फोन वाजला. आरिकाच्या रेडिओवरची पिलार होती.

“दोक्तोरा, बातमी कळली. उद्या दुपारी तुम्हाला थेट कार्यक्रमात घेते. काय झालं ते सगळं सांगा. नावानिशी.”

“नावानिशीच सांगेन,” फिदेलिया म्हणाली.

मग चढणभर तिचं वाक्य जुळवणं चाललं. “‘ज्या माणसाने आजवर एकाही केंद्राला स्वतःच्या हाताने बॅटरी लावली नाही, तो आम्हाला कुलपं शिकवतो.’ कसं वाटतं?”

“लांब आहे. रेडिओवर लहान लागतं. सरळ चोर म्हण.”

“चोर नाही रे तो. चोर असता तर बरं झालं असतं.”

ते खरंच होतं. लार्राइनला काम येत होतं. त्याचं गणित तिच्यापेक्षा सरस होतं हे तिला कळत होतं आणि त्यामुळे राग कमी व्हायच्या ऐवजी वाढत होता.

“माझं ऐक,” विदाल कोकाची पानं गालात सारत म्हणाला. “वर जाऊन भेट सगळ्यांना, जेव, झोप. यंत्रांना हात लावू नकोस. नाक दाबलं की तोंड उघडतं. आठवडाभर पठार आंधळं राहू दे, तो पायाशी येईल.”

फिदेलिया नाही म्हणाली नाही. आठवडाभर सपाट रेघांकडे बघत बसलेला लार्राइन तिने मनात पाहिला, आणि तिला ते फार गोड लागलं.

काल्लाविरीचं केंद्र गावाच्या वरच्या अंगाला, दगडी खोपटात होतं. खोपटाचं दार उघडं होतं. आत सिमेंटचा ओटा, त्यावर तीन पायांचे तीन गोल डाग, आणि यंत्र गायब.

“अगं बाई!” ती ओरडली. बंद करणं वेगळं. पण हे यंत्र ओट्यावर पाणसळीचा बुडबुडा मध्यावर आणून, उत्तर-दक्षिण साधून बसवलेलं असतं. ते जागचं हलवणं म्हणजे झोपलेल्या तान्ह्याला पायाला धरून उचलण्यासारखं. ती धापा टाकत उतारावरून थेट बासिलियाच्या घरी गेली.

यंत्र तिथे होतं. कळशीएवढं ते यंत्र लोकरी घोंगडीत गुंडाळून देवाच्या फळीखालच्या टेबलावर ठेवलं होतं, शेजारी मेणबत्ती. बासिलिया चुलीशी होती. तिचा नवरा सेव्हेरो दारात दोर वळत बसला होता.

“कुणी उचललं हे? कुणी सांगितलं होतं तुम्हाला उचलायला?”

“आलीस?” बासिलिया म्हणाली. “बस, कोमाद्रे. सूप घे.”

“सूप गेलं खड्ड्यात! आतलं काय काय हललं असेल तुम्हाला ठाऊक तरी आहे का?”

“कडेवर आणलं मी. तुझ्या जीपपेक्षा बरंच आणलं.” बासिलियाने वाडगा टेबलावर आपटला. “दोन माणसं आली. कंपनीची टोपी घातलेली. म्हणे, कुलूप बदलायचं, किल्ली आता आमच्याकडे, कोंदोरीबाईला काढलंय. आम्ही विचारलं, नवा कोण? म्हणे, तुम्हाला काय करायचंय. मग? पोराच्या आईला घराबाहेर काढलं तर पोर काय रस्त्यावर ठेवायचं? घरात आणलं. बाकीच्या गावांना ग्रुपवर कळवलं, त्यांनीही आणलं.”

या डोंगरात घराच्या छपरालाही धर्मबाप असतो. ट्रकला असतो, फुटबॉलच्या सदऱ्यांना असतो. फिदेलियाने पहिलं यंत्र बसवलं तेव्हा महिन्याच्या आत कुणीतरी त्याची बॅटरी रेडिओसाठी नेली होती आणि पोरांनी सोलरच्या काचेवर दगड मारले होते. ती भांडायला आली तेव्हा याच बासिलियाने, नुकती लग्न होऊन आलेली होती ती, तिला सांगितलं होतं, की याला धर्मबाप नाही. पोरक्याला कुणीही लाथ मारतं. मग यंत्राचं बारसं झालं. सेव्हेरो आणि बासिलिया धर्मबाप-धर्ममाय झाले. यंत्र आणणारी फिदेलिया त्याची आई, म्हणून ती त्यांची कोमाद्रे, म्हणजे पोराच्या नात्याने बांधलेली सोयरी, जन्माची. त्यानंतर एकाही गावात एकही बॅटरी गेली नाही. संघाच्या अर्जांमध्ये ती याला ‘लोकसहभाग’ म्हणायची. मंडळाला वाटे, गावांना पगार देतात. पगार कसला? ती त्यांच्या लग्नांत नाचली होती, त्यांच्या मयतांना खांदा दिला होता, पोरांना सदरे आणले होते. चार देशांत बारा संस्था तिने कशा सांभाळल्या असं कुणी विचारलं तर ती काहीतरी मोठं सांगायची. खरं तर एवढंच केलं होतं.

“मी काही सांगितलं नसताना तुम्ही हे केलंत,” ती म्हणाली, “आणि तिथे ते माझ्या नावावर खपवतायत.”

“तू सांगायला होतीस कुठे? दोन कार्निव्हलं झाली, आलीस? लिमात बैठक, सान्तियागोत बैठक. आणि आता आलीस ती ओरडत आलीस.”

फिदेलिया खाली बसली.  ती त्या बैठकांना याच यंत्रांसाठी भांडायला जात होती, पण ते या घरात सांगून कुणाला पटणार होतं.

“यंत्र परत बसवू या,” ती जरा वेळाने म्हणाली.

“बसवू. नव्याला आण. आमच्या दारात येऊ दे, आम्हाला तोंड दाखवू दे. पोर त्याच्या हातात दे.”

“त्याच्या हातात? मी मेले तरी नाही.”

“मग राहू दे पोर इथे. उबेत आहे.”

मागोमाग येऊन बसलेला विदाल सुपात भाकरी बुडवत गालात हसला. त्याचाच बेत आयता जुळून येत होता.

तेवढ्यात फळीवरची भांडी वाजली. आधी बारीक, मग दणादण; टांगलेला दिवा झुलू लागला, मेणबत्ती पडली आणि विझली, अंगणातले लामा एकदम उठून उभे राहिले. चौघांनी आपापले वाडगे उचलून हातात धरले, सूप सांडू नये म्हणून. भिंतीतून माती गळली. मग थांबलं.

“किती?” सेव्हेरोने विचारलं. दरवेळी विचारायचा तसंच.

“सहाच्या पुढे.”

“आणि कुठे? आपल्या खाली खोल, की समुद्रात?”

फिदेलियाने सवयीने फोन काढला. इतकी वर्षं ती या प्रश्नाचं उत्तर फोनवर पाहून एका दमात देत आली होती. तिने घोंगडीकडे पाहिलं.

“माहीत नाही,” ती म्हणाली.

फोन वाजला. कार्यालयातली मार्सेला होती, मागून तिच्या आवाजावर चार आवाज. “दोक्तोरा, पठार नाही त्यामुळे खोली निघत नाहीये. एका बाजूचेच आकडे आहेत. डोंगराखाली खोल असेल तर काहीच नाही. पण समुद्राखाली उथळ असेल तर त्सुनामी… किनाऱ्यावरच्या शाळांना काय सांगू? सगळे विचारतायत.”

“लार्राइन काय म्हणतो?”

“म्हणाले, तुम्हाला विचार.”

“वर चढव,” फिदेलिया म्हणाली. “सगळ्यांना. आत्ता.”

खाली आरिकात भोंगे वाजले असतील. शाळा, मासळीबाजार, बंदर, तिच्या बहिणीचं घर, सगळं टेकडीकडे धावलं असेल. इथे चुलीवरचं सूप निवत होतं. तिने दोन वेळा उठून दारापर्यंत जाऊन पाहिलं, जणू इथून समुद्र दिसणार होता.

तासाभराने पुन्हा मार्सेला. बोलिव्हियातल्या दूरच्या केंद्रांचे आकडे आले होते. भूकंप खोल होता, डोंगराच्या पार पोटात. समुद्र तसूभरही हलला नव्हता.

“लोक खाली येतायत,” मार्सेला म्हणाली. “शिव्या देत. एक म्हातारा जिन्यात पडला, खुबा मोडलाय. मासळीवाल्या म्हणतात, माल उन्हात टाकून पळालो, पुढच्या वेळी आम्ही काही जाणार नाही.”

फिदेलियाने फोन ठेवला.

“पुढच्या वेळी निम्मेच चढतील,” ती म्हणाली. “आणि पुढची वेळ खोटी नसेल.”

विदालने आता नाक दाबण्याची गोष्ट काढली नाही.  फिदेलियाला लार्राइनचा राग आला, मंडळाचा आला, बासिलियाचा आला. आणि चढणभर आपण मनात जे चघळत आलो त्याची चव तोंडात राहिली होती, तिचाही आला. ती दारात जाऊन थुंकून आली. मग तिने स्वतःच नंबर लावला.

“लार्राइन, उद्या सकाळी काल्लाविरीला या. तुम्ही स्वतः. बीअरचे क्रेट आणा, कोकाची पानं आणा.”

तो म्हणाला, “ही तुमची अट आहे का?”

“अट नाही, आमंत्रण आहे. आणि गाडी हळू चढवा. नाहीतर उलट्या होतील.”

त्याने गाडी हळू चढवली नाही. सकाळी काल्लाविरीच्या चौकात उतरला तो कुंपण धरून ओकला. नवंकोरं जाकीट, पांढराफटक चेहरा. बासिलियाने त्याला कोकाचा काढा पाजला आणि त्याच्याकडे गाय विकत घेताना पाहावं तसं खालपासून वरपर्यंत पाहिलं.

“हाच का?” तिने विचारलं.

“हाच,” फिदेलिया म्हणाली.

“आपण कुठे बसून बोलायचं?” लार्राइनने विचारलं. “मी काही प्रस्ताव तयार करून आणलेत.”

“बोलायचं नाही,” सेव्हेरो म्हणाला. “उचलायचं.”

घोंगडीसकट यंत्र त्याच्या हातात दिलं गेलं. दोन ढोल आणि एक बासरी पुढे, गाव मागे, आणि मधे दर दहा पावलांवर धाप टाकत थांबणारा भूकंप संघाचा नवा प्रमुख. बायकांनी त्याच्या डोक्यावर रंगीत कागदाचे कपटे उधळले. खोपटाशी पोचल्यावर सेव्हेरोने ओट्याच्या चारी कोपऱ्यांवर बीअर शिंपडली, धरणीमातेला आधी, माणसांना नंतर.

यंत्र ओट्यावर ठेवलं आणि फिदेलिया सवयीने गुडघ्यांवर बसली. तीन पायांचे तीन स्क्रू. बुडबुडा एका कडेला पळाला होता. तिने पहिला स्क्रू बोटांत धरला, आणि मग तिच्या लक्षात आलं की सगळे तिच्याकडे बघतायत. बासिलिया तर डोळा न हलवता बघत होती. फिदेलियाने बोटं सोडली.

“तुम्ही करा,” ती लार्राइनला म्हणाली.

तो जमिनीवर बसला. त्याच्या हातांना काम माहीत होतं. पाव फेरा इकडे, त्याहून कमी तिकडे, श्वास रोखून. बुडबुडा हळूच मध्यावर येऊन थांबला. तो चुकला असता तर फिदेलियाला फार बरं वाटलं असतं. तो चुकला नाही.

“झालं,” बासिलिया म्हणाली आणि बीअरचा पेला त्याच्या हातात कोंबला. “आता नीट ऐक. धर्मबाप-धर्ममाय आम्ही. पण पोराच्या जावळाला वेगळा धर्मबाप लागतो. तो तू. पोराची आई ही.” तिने फिदेलियाकडे बोट केलं. “आई काही मंडळाने बदलत नाही.”

“हो,” लार्राइन पुटपुटला. “ते… मीच म्हटलं होतं, जाळ्याची आई.”

“मग शहाणा आहेस. म्हणजे तू हिचा कोम्पाद्रे आणि ही तुझी कोमाद्रे.”

“हे किती वर्षांसाठी असतं?”

गाव हसलं. सेव्हेरोला तर ठसका लागला.

“मरेपर्यंत,” बासिलिया म्हणाली. “मग तुझी पोरं. आणि कोम्पाद्रेने कोमाद्रेचं वाईट बोलायचं नाही, दुसऱ्याकडून ऐकून घ्यायचं नाही, कागदावर लिहायचंही नाही. तिनेही तुझं नाही. बोललात तर गारा पडतात. बटाट्यावर पडतात, आमच्या.”

लार्राइनने पेल्यात पाहिलं. “ती चौकशी…” तो म्हणाला.

“कसली चौकशी?”

“नाही. काही नाही.” त्याने पेल्यातला एक घोट घेतला. “बाकीच्या गावांतली यंत्रं?”

“तीही घोंगड्यांत आहेत,” फिदेलिया म्हणाली. “तिथेही जावळं काढायची आहेत. प्रत्येक गावात.”

कालपासून पहिल्यांदा तिला जरा मजा वाटली. फार नाही.

तिचा फोन वाजला तेव्हा दुपार झाली होती. लार्राइन खोपटाबाहेर दगडावर बसला होता, केसांत कपटे अडकलेले, आणि विदाल त्याला पिस्को पेरूचाच कसा, ते समजावून देत होता.

“दोक्तोरा, आपण थेट कार्यक्रमात आहोत,” पिलारचा आवाज आला, मोठा, साऱ्या अंगणाला ऐकू जाईल इतका. “काल आरिकाचे हजारो लोक विनाकारण टेकडीवर पळाले. एक वृद्ध जखमी झाले. डॉ. लार्राइन यांच्या कारभाराबद्दल तुम्ही आज सगळं सांगणार आहात.”

विदाल बोलता बोलता थांबला. लार्राइनने आपलं नाव ऐकलं. तो वर न बघता बुटावरची माती बोटाने खरवडू लागला. बासिलिया चुलीवरचं पातेलं उतरवायला निघाली होती ती तशीच उभी राहिली.

फिदेलियाची वाक्यं तयार होती. कालच्या चढणीवर एकेक घासून ठेवलेली, लहान, रेडिओला शोभतील अशी. ती दातांपर्यंत आली होती. त्यातलं एकही खोटं नव्हतं.

“विनाकारण नाही पळाले,” ती म्हणाली. “यंत्र बंद होतं. यंत्र बंद असलं की वर चढायचं. यंत्र चालू असलं आणि जमीन जोरात हलली, तरी चढायचं. मासळी गेली तर जाऊ द्या. हे मी मासळीवाल्यांना सांगतेय, त्या मला ओळखतात. पुढच्या वेळीही चढा.”

“पण यंत्रं बंद का होती? जबाबदार कोण? तुम्हाला पदावरून काढलं त्या…”

“डॉ. लार्राइन माझे कोम्पाद्रे आहेत,” फिदेलिया म्हणाली. “त्यांच्याबद्दल मी बोलत नसते.”

 पिलार आरिकाची होती, तिची आजी डोंगरातली होती. तिने पुढचा प्रश्न विचारला नाही. तिने गाणं लावलं.

फिदेलियाने फोन खिशात टाकला. राग गेला नव्हता. तो तसाच होता, कालच्याएवढाच. गेली होती ती फक्त बोलून दाखवायची सोय, आणि तीही मरेपर्यंत. तिने बासिलियाकडे पाहिलं. बासिलिया पातेलं घेऊन कामाला लागली होती, जसं काही झालंच नव्हतं.

मार्सेलाचा निरोप आला, की काल्लाविरीची रेघ हलायला लागली आहे, अजून वेडीवाकडी, पण हलतेय.

लार्राइन दगडावरून उठून तिच्यापर्यंत आला. तोल सावरत उभा राहिला.

“आभारी आहे, दोक्तोरा.”

“दोक्तोरा नाही,” बासिलिया चुलीपासून ओरडली.

त्याने घसा साफ केला. “आभारी आहे… कोमाद्रे.”

गाव थांबलं होतं. फिदेलियाने एक लांब श्वास घेतला.

“बीअर कमी पडली,” ती म्हणाली. “कार्निव्हलला दुप्पट आणा, कोम्पाद्रे.”